सोनबाचं बावीस फूट पाणी

...आणि हे साहेबलोक वर तोंड करून सांगतात, आलेख बघा, आलेख कधी खोटं बोलत नाही! अहो, नाही बोलत, कबूल, त्याला तोंड कुठंय बोलायला? पण त्याला दोन रेघा असतात ना, एक उभी आणि एक आडवी, आणि ती उभी रेघ एकदा का जिद्दीच्या माणसाच्या हाती लागली की मग तुम्हाला सांगतो, घोटाभर पाण्यात हत्ती बुडतो! नाही पटत? हसा, हसा. तुमचं बरंय, तुमच्या गावात पूल आहे. सोनबाच्या वाडीला नव्हता. सोनबाच्या वाडीला ओढा होता.

आता ओढा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? दोन बदकं आणि एक धुणं धुणारी बाई. तसला नव्हे हो! हा वेल्ह्याच्या डोंगरातला ओढा. आठ महिने गरीब बिचारा, दगडावर पाय ठेवा आणि पल्याड जा, पायातलं पायताणसुद्धा काढायला नको. पण एकदा मृग बरसला की चार महिने जो अंगात आल्यासारखा घुमायचा, की काठावर उभं राहून शिवी दिली तरी ती पल्याड पोचायची नाही. आणि नेमकी ह्याच ओढ्याच्या पल्याड सोनबानं आपली एकुलती एक लेक दिली होती, फुला. का? तर सोनबाची बायको, रतनबाई, तिनं हट्ट धरला. "लांब भोंगवलीला न्हाई द्यायाची म्या पोर. हितंच देऊ. कशी डोळ्यांपुढं ऱ्हाईल!"

राहिली की! डोळ्यांपुढंच राहिली! पावसाळाभर नुसती डोळ्यांपुढंच राहिली! अल्याड आई उभी, पल्याड लेक उभी, मधी ओढा. आई ओरडायची "बरी हाईस का गं?" लेक दोन्ही हात वर करायची. आता दोन हात वर म्हणजे बरी आहे, का बुडाले बुडाले, कळायचं कसं माणसाला?

आणि मग आली पंचमी. लग्नानंतरची पहिली. तुम्हाला सांगायला नकोच, पहिल्या पंचमीला लेक माहेरात पाहिजे, अंगणात झोका पाहिजे, मुराळी जाऊन तिला घेऊन आला पाहिजे. सोनबा डोक्याला फेटा बांधून मुराळी म्हणून निघाला तो ओढ्यापर्यंत, आणि थांबला. छातीएवढं पाणी! पल्याड फुला नव्या हिरव्या बांगड्या भरून, बोचकं काखोटीला मारून उभी. सकाळपासून दुपारपर्यंत बाप तिकडं बघतोय, लेक इकडं बघतेय. शेवटी रतनबाईला राहवेना, तिनं पुरणाचे दिंड फडक्यात बांधले, दगड घातला आणि दिलं भिरकावून पल्याड. अर्ध्यात गेलं... आणि डुबुक्! फडकं वाहत चाललं, रतनबाई काठाकाठानं त्याच्या मागं, आणि पल्याड फुला पदरात तोंड घालून बसली.

सोनबानं ते पाहिलं आणि काठावरच शब्द टाकला. "फुडल्या पंचमीला माझी लेक साकवावरनं चालत ह्या अंगणात येईल. न्हाई आनली तर डोक्याला फेटा बांधायचा न्हाई!"

झालं! आता सोनबा म्हणजे कोण, हे तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगतो. एकदा नसरापूरच्या बाजारातनं येताना त्याचा बैल रस्त्यात बसला. लोक काय करतात? शेपूट पिरगाळतात. सोनबा काय करतो? सोनबा शेजारी बसला. म्हणाला, बघू कोण आदी उठतंय! दीड दिवस, तुम्हाला सांगतो, दीड दिवस! यष्टी बाजूनं जायची, लोक खिडकीतनं रामराम करायचे, शेवटी बैलालाच लाज वाटली. हा असला माणूस साकव, म्हणजे ओढ्यावरचा पायी जायचा पूल, आणायला निघाला.

कचेरीत साहेब होते ओव्हरसियर. कानावर पेन्सिल, गळ्यात मोजपट्टी, आणि बोलणं असं की पेन्सिलीलाच टोक काढतायत. "हे पाहा, साकव एकच शिल्लक आहे. ह्याच ओढ्यावर दोन अर्ज आहेत. एक तुमचा, एक वरच्या वाडीच्या मानसिंगचा. जिथं पाणी जास्त, तिथं साकव!"

सोनबा म्हणाला, "सायेब, आमच्याकडं लई पानी!"

"लई म्हणजे किती?"

"लई म्हंजी... लई!"

"तोंडी नको! पावसाळ्याचे दोन महिने उरलेत, रोज पाणी मोजा, आलेख काढा, दसऱ्याला आणून दाखवा."

आलेख! सोनबानं हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता, पण मागं हटतोय कशाचा? गेला शाळेत गुरुजींकडं. गुरुजींनी त्याला चौकटीचा कागद दिला आणि समजावलं, "हे बघ सोनबा, आडव्या रेघेवर दिवस, उभ्या रेघेवर पाणी. रोज एक टिंब. शेवटी टिंबं जोडायची." एवढंच सांगितलं. पाणी कशानं मोजायचं ते सांगायचं राहिलं. गुरुजींना वाटलं, फूटपट्टी काय, सगळ्यांच्या घरी असते!

सोनबानं काय केलं? परड्यातल्या बांबूच्या बेटातला एक उंच कळक तोडला आणि ओढ्यात रोवला. आता कळकाला पेरं असतात. गाठीपासून गाठीपर्यंत एक पेर. देवानं आयतं माप करून दिलंय, मग कशाला हवी फूटपट्टी? आज पाणी दुसऱ्या पेराला, उद्या तिसऱ्या पेराला! भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, रोज सकाळी सोनबा ओढ्यावर. रतनबाई म्हणायची, "अवं, ताप हाय अंगात!" तर हा म्हणायचा, "ताप घरात ठिवून जातो."

पण तुम्ही कळक नीट पाहिलाय कधी? बुडाशी पेरं बोटभर बोटभर, आणि वर जावं तशी हातहातभर! आणि ह्या गड्यानं कागदावर एक पेर म्हणजे एक चौकट धरली, सगळ्या सारख्या! त्यामुळं झालं काय, तर नुसतं शिंतडलं की पाणी बुडाची तीन पेरं चढायचं, कागदावर रेघ टुणकन् तीन चौकटी वर. आणि ज्या दिवशी ओढ्यानं कोंडिबाची म्हैस नेली ना, भरली म्हैस, शिंगांसकट, त्या दिवशी पाणी वर किती चढलं? तर एक पेर! कागदावर एक चौकट!

दसऱ्याला साहेबांनी आलेख धरला, आडवा केला, उभा केला. "अहो, इथं तर विशेष काही वाढलेलंच दिसत नाही. सगळं सपाट!"

"सपाट? सायेब, ह्या हितं म्हैस ग्येली!"

"कुठं?"

"ह्या चौकटीत!"

"म्हैस दिसत नाही त्यात."

"ग्येली म्हनलं ना!"

आणि शेजारी मानसिंगचा आलेख. बघत राहावं असा, रेघ चढलेली ती थेट कागदाच्या डोक्याला टेकलेली! आणि ओढा तोच बरं का, अर्धा मैल वर, तेच पाणी वाहत खाली येतंय. वरच्या वाडीत तुडुंब आणि खालच्या वाडीत सपाट, मधी काय कुणी पिऊन टाकलं? कागदावर मानसिंगचं डोंगराएवढं, सोनबाचं ताटलीएवढं. आणि ओढ्यात पाणी किती? होतं तेवढंच!

साहेबांना तरी दया आली. "आठ दिवस देतो दोघांनाही. नीट काढून आणा, मोठं काढा, स्पष्ट दिसलं पाहिजे."

मोठं काढा! अहो, साहेबमाणसानं असं बोलू नये हो! सोनबाला असं सांगणं म्हणजे पेटत्या वणव्याला फुंकर.

गुरुजींनी चूक समजावली. "सोनबा, पेरं लहानमोठी, तर खुणाही लहानमोठ्याच पाहिजेत की!" पटलं. सोनबानं कागदाला कागद जोडला, भाताच्या खळीनं चिकटवला, कळक आणून सरळ त्या कागदावर झोपवला आणि जिथं गाठ तिथं खूण. बोटभर पेराला बोटभर, हातभर पेराला हातभर. झाला ना खराखुरा आलेख! उभ्या माणसाच्या छातीएवढा. मला विचाराल तर तिथंच थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात कुंपणावरनं मानसिंग डोकावला. "काय सोनबा, एवढासाच? आमचा तर कौलाला लागलाय!"

गेला! गेला तोल! सोनबानं मनाशी विचार केला, बुडाची पेरं आहेत तशी राहू द्यात. पण वरची? वरची पेरं कोण बघतोय? एक पेर ओढलं, दीड हात केलं. जरा लांबनं बघितलं. बरं दिसलं. त्याच्यावरचं ओढलं, दोन हात केलं. सगळ्यात वरचं, जिथं म्हैस गेली होती ते, दहा हात! "म्हैस म्हंजी काय थोडकी व्हय!" कागद पुरेना. गुरुजींकडचे सगळे संपले, मग गेल्या सालचं पंचांग आलं, मग लग्नाच्या पत्रिका पाठकोऱ्या आल्या, अंगण संपलं, गोठा सुरू झाला, रतनबाई भाताचं पातेलं घेऊन मागं मागं, "अवं, जेवायला तरी भात ठिवा वाईच!" आणि ओढ्यात? दसरा होऊन गेलेला, पाऊस थांबलेला, ओढा दगडांशी कुजबुजत होता. आणि पाणी किती? होतं तेवढंच!

आठव्या दिवशी सोनबा निघाला. खांद्यावर कागदाची वळकटी आणि दुसऱ्या खांद्यावर कळक, साहेबांना पुरावा पाहिजे ना! यष्टीवाला म्हणाला, "हे आत न्हाई मावायचं." सोनबा म्हणाला, "मग यष्टी मागनं येऊ द्या," आणि चालत सुटला.

कचेरीत छताला आलेख लागेना. बाहेर पिंपळ होता, त्याच्या वरच्या फांदीला टोक बांधलं आणि दिला सोडून! वरनं खाली पंचांग, पत्रिका, चौकटी, आणि मधनं ती निळीची रेघ! खाली शंभर माणूस गोळा. एक म्हातारी तर हात जोडून पुढं आली, तिला वाटलं जत्रेचं निशाण आहे.

मानसिंगनंही आपला आणला होता. साहेब वाकले, वाचू लागले. "घोटा... गुडघा... कंबर... छाती... गळा... हे काय आहे?"

"माप हाय सायेब. म्या सोता पान्यात हुबा ऱ्हायलो."

"पण घोट्यापासून गुडघा जेवढा, तेवढंच छातीपासून गळा? एवढा लांब गळा कुणाचा?" मानसिंग म्हणजे हा एवढासा, बाजरीच्या कणगीत उभा राहिला तर दिसायचा नाही. साहेबांनी मान वर केली. "आणि गळ्याच्या वर हे काय लिहिलंय? 'दुसरा मानसिंग'?"

"माझ्या डोक्यावरनं पानी ग्येलं ना सायेब, मग फुडं कशानं मोजू? म्हनलं, माझ्या डोक्यावर अजून एक मी."

"आणि त्याच्यावर तिसरा?"

मानसिंग मान खाली घालून म्हणाला, "त्यो निस्ता कंबरंपतूर हाय."

लोक हसून हसून पिंपळाला धरू लागले. मानसिंग बाद! साहेब वळले सोनबाकडं. "तुमचं माप कसलं?"

"पेरं, सायेब. कळकाची."

"एक पेर म्हणजे किती?"

सोनबानं कळक पुढं केला. साहेब हुशार हो, नुसतं ऐकून घेणारे नव्हते. त्यांनी कळक कागदाला लावला. पहिलं पेर, बरोब्बर! दुसरं पेर, केसाचा फरक नाही! "वा! म्हणजे काठीवरचं माप जसंच्या तसं कागदावर उतरवलंय. ह्याला म्हणतात प्रामाणिक काम!" तिसऱ्या पेराला हात घालणार, तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. साहेबांनी एका हातात बशी धरली, दुसऱ्या हातानं गळ्यातली मोजपट्टी काढली आणि सरळ कागदाचीच उंची मोजली. शिपायाला पिंपळावर चढवून!

"पाणी बावीस फूट!"

बावीस फूट? बावीस फुटात तर त्याचं घर, गोठा आणि वर उभा राहिलेला सोनबा बुडाला असता! त्यानं तोंड उघडलं. सांगणार होता, खरंच सांगणार होता, सायेब, वरची पेरं म्या वाईच ओढल्याली हायती... आणि त्याला ते फडकं दिसलं. वाहत चाललेलं. काठाकाठानं धावणारी रतनबाई दिसली, पल्याड बसलेली पोर दिसली. तोंड उघडं होतं ते त्यानं मिटलं. तो खोटं बोलला का? तुम्हाला शपथेवर सांगतो, एक शब्द खोटा बोलला नाही! कारण एकही शब्द बोललाच नाही! साहेबांनी शिक्का मारला. आणि ओढ्यात पाणी किती? सांगा की तुम्हीच!

वैशाखात गवंडी आले. खांब उठायला लागले. पहिले चार फूट झाले, सोनबा गूळ घेऊन गेला. आठ फूट झाले, सोनबा मान वर करून बघू लागला. बारा झाल्यावर त्याला राहवेना. "मिस्त्री, हितं थांबलात तरी चालंल."

मिस्त्री वरनं म्हणाला, "कागदावर बावीस आहे. वर तीन फूट मोकळे सोडायचे, पुरात अडचण नको."

"एवढं पानी न्हाई येत हो आमच्या हितं!"

"असं? मग तो आलेख कुणी काढला?"

सोनबानं इकडं तिकडं पाहिलं. "बांधा, बांधा. म्या आपलं सहज म्हनलं."

पंचवीस फूट! ओढा केवढा, तर दोन उड्यांचा, आणि त्याच्यावर पंचवीस फुटांवर चार फळ्या! खालनं बघितलं तर घारी साकवाखालनं जायच्या! आणि चढायचं कुठनं? साहेबांना विचारलं तर म्हणाले, "मंजुरी साकवाची आहे. चढण्याची नाही." मानसिंग मुद्दाम अर्धा मैल चालत आला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ वर बघत राहिला. "सोनबा, लेक पल्याड दिलीया का ढगात?"

पण सोनबा हटतोय होय? त्यानं दोन्ही अंगांना लांबलचक शिड्या बांधल्या, एक अल्याड, एक पल्याड, काथ्याच्या दहा दहा गाठी मारून. "येऊ दे पंचमी!" म्हणाला.

पंचमी आली. पाऊस नाही आला. बहात्तर सालाची गोष्ट ही, तुम्ही सगळ्यांनी ते साल पाहिलंय, सबंध मुलखाकडं पावसानं पाठ फिरवली होती. आमच्या डोंगरातसुद्धा नुसतं धुकं यायचं, माणसांची चौकशी करायचं आणि निघून जायचं. सोनबा आषाढभर काठावर बसून ओढ्याला दटावायचा, "अरं यी की! गेल्या साली म्हैस नेलीस आन् आता कुठं मेलास?" ओढा कुठला येतोय! सगळा गाव पावसासाठी देव पाण्यात घालून बसला होता, आणि ह्याला भात वाळतंय ह्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख, की साकव बांधला आणि पाणीच नाही!

पंचमीला सकाळीच सोनबानं धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला. रतनबाई दारात उभी. "अवं, पान्यानं जोडवी बी भिजायची न्हाईत. जावा की दगडावरनं, आन् आना पोरीला!"

"गप ऱ्हा! साकवावरनं आनीन म्हनलं हाय म्या. चारचौघांत म्हनलं हाय!"

"तवा पानी व्हतं!"

"शबुद बी तवाच दिल्याला हाय!"

आणि चढला की शिडी! दहा फूट चढला, ठीक. पंधरा, ठीक. वीस फुटांवर वाऱ्यानं फेटा सोडवला, तो चालला नसरापूरच्या बाजूला. पंचविसाव्या फुटावर सोनबा फळीवर आला, दोन पावलं टाकली, आणि फळी अशी काही लचकली, की त्यानं सहज म्हणून खाली पाहिलं. बाबा रे! तिसरं पाऊल काही उचलेना. आधी गुडघे टेकले, मग हात टेकले, मग सबंध सोनबाच फळीवर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी साकवाला मिठी मारून राहिला. पुढं जाववेना, मागं फिरवेना.

तिकडं सासरी फुला वाट बघून बघून कंटाळली. मुराळी येणार येणार, उन्हं डोक्यावर आली, मुराळ्याचा पत्ता नाही. शेवटी तिनं बोचकं काखेला मारलं, लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि ओढ्यात उतरली. एक दगड, दुसरा दगड, तिसरा. मधोमध आली आणि तिच्या अंगावर सावली पडली. वर बघते तर काय!

"आबा! वर काय करताय?"

पंचवीस फुटांवरनं आवाज आला, "तुला न्यायला आलोय."

"म्या तर आले की! उतरा खाली, दिंडं निवत्यात!"

सोनबानं फळीच्या फटीतनं लेकीकडं पाहिलं. अल्याड रतनबाई हातवारे करत धावत येत होती, झोक्याचा दोर आंब्याला हलत होता, आणि ओढ्यावर मानसिंगसकट दोन्ही वाड्यांची माणसं जमायला लागली होती. सोनबानं फळी आणखी घट्ट धरली.

"तू हो म्होरं, पोरी," तो म्हणाला. "एवढा बांधलाय सरकारनं... कुनी तरी वरनं जायाला नगं व्हय?"